बोटीवर घेतलेली हजेरी

आमच्या गल्लीत बोटीवर जाऊन आलेलं जोडपं आम्हीच एक. त्यामुळे कुणाची क्रूझ ठरली की आधी आमच्या दारात चपला निघतात. परवा गल्लीत नुकतेच राहायला आलेले कापड दुकानवाले नवराबायको आले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुंबईहून गोव्याला बोटीनं जायचं ठरवलंय. बायकोच्या हातात वही आणि पेन. मी उभा जन्म शाळेत शिकवण्यात घालवला, पण सांगायच्या आधीच पेनाचं टोपण काढून बसलेली विद्यार्थिनी मला क्वचितच भेटली.

"बाई, तुमी जाऊन आलायसा न्हवं? मग सांगा की, पहिल्यांदा जाणाऱ्यानं काय काय करायचं."

मी सांगितलं. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा खोलीत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. आत एसी मरणाचा गार असतो, तेव्हा स्वेटर घ्या, मे महिना असला तरी घ्या. बोट हलली की पोटात ढवळतं, आलेपाक जवळ असू द्या. खोलीचं दार एकदा नीट बघून ठेवा, नंबरासकट फोटो काढा, कारण सगळी दारं सारखीच असतात. समुद्रात फोनला रेंज नसते, म्हणून चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते आधी ठरवा. ती भराभर लिहून घेत होती. तिकडे तिचा नवरा आमच्या ह्यांच्याशी बोलत बसला होता.

"काय काका, मजा आली का बोटीवर?"

"व्हय की. लई मजा," हे म्हणाले.

ह्यांना बोट आठवत नाही. समोरच्याचा चेहरा बघून उत्तर काय द्यायचं ते मात्र अजून बरोब्बर कळतं, त्यामुळे नवख्या माणसाला पहिला अर्धा तास संशयही येत नाही.

"आनि सगळ्यात महत्त्वाचं काय, बाई?" तिनं वहीचं नवं पान काढत विचारलं.

"स्वेटर," मी म्हटलं.

तिला मी फसवलं. महत्त्वाचं होतं ते ह्यांच्यासमोर बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहून काढते आहे.

हे एस.टी.त ड्रायव्हर होते. मलकापूरवरून रत्नागिरीला जाणारा रस्ता हा ह्यांचा रस्ता. आंबा घाटातलं कुठलं वळण कुठल्या अंगानं घ्यायचं ते जेवताना ताटात बोटानं काढून दाखवायचे. नणंद मलकापुरात दिलेली. तीन वर्षांपूर्वी तिच्याकडे आमच्या गाडीनं चाललो होतो. मलकापूरच्या स्टँडसमोर ह्यांनी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, "पावणं, मलकापूर अजून किती लांब हाय वं?"

त्या टपरीवर ह्यांनी आयुष्यात किती चहा प्यायला असेल, देव जाणे. टपरीवाला खो खो हसला. "थट्टा करतायसा व्हय ड्रायव्हरसाहेब? मलकापुरातच हायसा की!"

हे हसले. मीही हसले. पण माझी नजर स्टिअरिंगवर गेली होती. गाडी उभी होती, तरी ह्यांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

मग डॉक्टरांच्या फेऱ्या झाल्या. विसरण्याचा आजार आहे, औषधानं थोडा रेंगाळेल, पण उलटा फिरणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मुलगा पुण्यात, मुलगी बेळगावात. दोघांना मी फोनवर सांगितलं की बाबांचे डोळे तपासून आलो. मला माहीत होतं, खरं कळलं की मुलगा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येणार आणि आम्हाला उचलून पुण्याच्या चौथ्या मजल्यावर नेणार. तिथं ह्यांना कोण ओळखतं? इथं हे बोळात वाट चुकून उभे राहिले तर गल्लीतल्या कुस्तीच्या तालमीतलं कुणीतरी हाताला धरून आणून सोडायचं. "बाई, ड्रायव्हरसाहेब तिकडं उभं हुतं, म्हटलं घेऊन जावं संगट." मी म्हणायची, अहो, बोलत उभे असतील. तोही म्हणायचा, व्हय व्हय, बोलतच हुतं. अंघोळीला जाताना मी शेजारच्या वहिनींना बाहेरून कडी लावायला सांगायची. कारण काय, तर मांजर आत येतं. आमच्या गल्लीत मांजर नाही. वहिनींनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

ह्यांचा एक नेम मात्र आजारालाही मोडता आला नव्हता. संध्याकाळी सहा वाजले की स्वतःचा पितळी पेला घ्यायचा आणि गंगावेशीत दूधकट्ट्यावर जायचं. तिथं गवळी म्हशी आणून बांधतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात. तो फेसाळ गरम पेला उभ्या उभ्या रिचवायचा, मिशी पुसायची आणि घरी यायचं. नोकरीत होते तेव्हा ड्यूटी नसलेल्या दिवशी, निवृत्तीनंतर रोज. हल्ली मी दहा पावलं मागून चालायची, भाजी घ्यायला निघाल्यासारखी.

अशात मुलानं लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला क्रूझची तिकिटं पाठवली. आधी मी उडवूनच लावलं. मग विचार करत बसले आणि मला ती कल्पना फार शहाणपणाची वाटू लागली. चारी बाजूंना पाणी, एकदा शिडी काढली की बाहेर जायला रस्ता नाही. तीन दिवस मला ह्यांच्या मागून चालायला नको. तीन दिवस मी नुसती बसेन. किती थकले होते मी, ते तेव्हा माझं मलाच कळलं.

बोट बारा मजल्यांची होती. आत गेल्यावरच माझं शहाणपण उतरलं. दोन्हीकडे दारं असलेले लांबच लांब बोळ, एकाच रंगाचे, आणि माणसं तर एवढी की आमची अख्खी पेठ आत मावली असती. त्यातला एकही माणूस ह्यांना ओळखत नव्हता. पहिल्या दिवशी मी ह्यांचा दंड सोडलाच नाही. जेवताना, जिन्यावर, डेकवर, सगळीकडे. एक गुजराती बाई कौतुकानं थांबल्या, "इस उमर में भी इतना प्यार!" म्हणाल्या आणि आमचा फोटो काढला. हे फोटोत छान हसले आहेत. माझी बोटं ह्यांच्या दंडात रुतली आहेत, तीही फोटोत दिसतात.

"ड्रायव्हर कुठं बसतोय हिचा?" हे सारखे विचारायचे. "दिसंना कुठं. गाडी चालवतंय कोन?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाऱ्या वाऱ्यानं माझे केस चिकट झाले होते. खोलीतलं न्हाणीघर म्हणजे उभं कपाट. मी ह्यांना पलंगावर बसवलं, टीव्ही लावून दिला आणि म्हटलं, "दहा मिनिटांत आले. इथून हलायचं नाही."

"कुठं जातोय मी?" हे म्हणाले.

बाहेरून लावायला कडी नव्हती, वहिनीही नव्हत्या.

केस पुसत बाहेर आले तर टीव्ही चालू, पलंग रिकामा. ज्या कार्डानं खोलीचं दार उघडतं ते दिव्याच्या खाचेत तसंच होतं, म्हणजे ह्यांच्याजवळ ओळखीची एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. फोन उशीपाशी. मी टेबलाकडे पाहिलं. पेला नव्हता. घड्याळात सहा वाजून गेले होते.

हे कट्ट्यावर दुधाला निघाले होते.

ओल्या केसांनी मी बोळात धावले. डावीकडे गेले असतील की उजवीकडे? लिफ्टनं वर गेले की खाली? लिफ्टमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला मी विचारत होते. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, हातात पितळी पेला. कुणी जेवणाच्या हॉलकडे बोट दाखवलं, कुणी नुसते खांदे उडवले. रंगीत शर्टातला एक गृहस्थ म्हणाला, "काकू, पेला घेऊन गेलेत ना? मग बारमध्ये बघा!" त्याच्या बरोबरचे सगळे हसले. तो माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता. पण मी बारमध्येही जाऊन बघून आले.

जेवणाचा हॉल बघितला. नाचगाणी चालली होती ते सभागृह बघितलं, खुर्च्यांच्या रांगांमधून वाकून वाकून. पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दारात उभी राहून आत "अहो" म्हणून हाक मारली. एक माणूस ओशाळून बाहेर आला. मला ह्यांचा इतका राग आला होता की सापडले तर दोन थोबाडीत देईन असं वाटत होतं. सापडले तर.

शेवटी चौकशीच्या काउंटरवर गेले. तिथल्या मुलीनं हिंदीत सांगितलं की घाबरू नका, आपण माइकवरून पुकारू. "नाम बताइए."

मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

हे कुणाला खरं वाटणार नाही. मी शिकलेली बाई. अंधश्रद्धा सोडा, असं फळ्यावर लिहून शिकवलेलं. पण लग्न होऊन आले त्या आठवड्यात सासूबाईंनी जवळ बसवून सांगितलं होतं, नवऱ्याला नावानं हाक मारली की त्याचं आयुष्य कमी होतं. मी मनात हसले होते. तरी मारली नाही. उखाण्यात घेतलं असेल, बँकेच्या अर्जावर लिहिलं असेल, पण हाक म्हणून चाळीस वर्षांत एकदाही नाही. आधी सासूबाईंच्या धाकानं, मग सवयीनं. आणि आजार कळल्यापासून, खोटं कशाला बोलू, भीतीनं.

मी कागद मागून घेतला आणि नाव लिहून दिलं.

बाराही मजल्यांवर ते नाव घुमलं. दोनदा, तीनदा. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्याचा काही उपयोग नाही. एस.टी. स्टँडवर आयुष्य गेलेला माणूस. दिवसभर भोंगा कानाशी कोकलत असायचा आणि हे शांतपणे पेपर वाचत बसायचे. भोंग्याकडे लक्ष द्यायचं नाही, ही तर ह्यांची जुनी सवय. ती ह्यांनी विसरायला हवी होती. ती विसरले नव्हते.

मी उघड्या डेकवर आले. सूर्य पाण्याला टेकला होता आणि सगळी बोट फोटो काढायला तिथं लोटली होती. "अहो!" मी ओरडले. पाच-सहा पुरुष एकदम मागं वळले. टकलू, ढेरपोटे, कुणी चष्मेवाले, सगळे कुणाचे तरी अहो. त्यांच्या बायकाही माझ्याकडे बघू लागल्या. "अहो!" मी पुन्हा ओरडले आणि आणखी दोघं वळले. माझे त्यांच्यात नव्हते.

मी गर्दीतून वाट काढत बोटीच्या मागच्या टोकाला गेले. तिथं कुणी नव्हतं. कठडा माझ्या छातीपर्यंत होता. हे उंच, ह्यांच्या कमरेच्या थोडा वर आला असता. मी खाली बघितलं. बोटीमागं पांढरा फेस उसळत होता, दूध उतू जावं तसा. म्हशीच्या धारेचा फेस बघायची सवय असलेला माणूस इथं वाकला असेल तर?

तेव्हा माझ्या मनात आलं, गेले असतील तर सुटले. आणि त्याच्या मागोमाग आलं, मीही सुटले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, मुलीला नाही. मी त्या कठड्याला धरून उभी होते आणि मला माझीच शिसारी आली. ज्याच्या आयुष्याला धक्का नको म्हणून चाळीस वर्षं नाव घेतलं नाही, त्याला मी मनातल्या मनात पाण्यात सोडून मोकळी झाले होते. मला रडू आलं नाही. मी ओरडले. वर्गात गलका झाला की मागच्या बाकापर्यंत पोचणारा माझा जो आवाज होता, त्या आवाजात ओरडले. आधी नाव, मग वडलांचं नाव, मग आडनाव. हजेरीपटावर असतं तसं, पूर्ण.

"हजर, बाई!"

आवाज माझ्या मागून आला. भिंतीशी घड्या घालून रचलेल्या खुर्च्यांची थप्पी होती. तिच्या पलीकडे हे जमिनीवर मांडी घालून बसले होते. पाठ ताठ, हाताची घडी, समोर पेला. टोपी जागेवर होती.

मी गुडघ्यावर बसले. ह्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. हे माझ्याकडे बघत होते, पण घाबरून, वर्गात उशिरा आलेलं मूल बघतं तसं. मला सगळी गल्ली बाई म्हणते, अर्धा गाव म्हणतो, कारण त्यांना मी शिकवलं. ह्यांनी मला जन्मात बाई म्हटलं नव्हतं. ह्यांची मी "अगं" होते.

"बाई, दूध न्हाय मिळालं," हे हळू आवाजात म्हणाले. "म्हशी अजून आल्याच न्हाईत."

दोन थोबाडीत द्यायच्या होत्या त्या कुठल्या कुठं गेल्या. मी ह्यांच्या शेजारी मांडी घालून बसले. माझ्या केसांतून अजून पाणी गळत होतं.

"येतील," मी म्हटलं. "आज उशीर झालाय."

आम्ही दोघं म्हशींची वाट बघत बसलो. सूर्य बुडला. आदल्या दिवशीच्या गुजराती बाई तिथून चालल्या होत्या, त्यांनी आम्हाला बघितलं आणि छातीवर हात ठेवून पुन्हा म्हणाल्या, "कितना प्यार!" मी हसले. तेवढी ताकद कुठून आली मला माहीत नाही.

बोट मुंबईला लागली, फोनला रेंज आली आणि मी धक्क्यावरूनच मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, डोळे तपासले म्हणालीस." एवढंच. त्यानं ओरडायला हवं होतं. दोघंही मुलं येऊन राहिली, पुण्याला नेण्याची भाषा झाली, मी नाही म्हटलं. मग गल्लीला सांगितलं. गल्लीला आधीच ठाऊक होतं. आता संध्याकाळी तालमीतलं कुणी ना कुणी ह्यांच्या बरोबरीनं कट्ट्यावर जातं, आणि वहिनी कडी लावायला येतात तेव्हा आम्ही मांजराचं नाव काढत नाही.

आणि रोज सकाळी चहा झाला की मी हजेरी घेते. डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, माझं मीच सुरू केलं. ह्यांना खुर्चीवर बसवायचं, समोर उभं राहायचं आणि पूर्ण नाव घ्यायचं. आता मी दिवसातून किती वेळा ते नाव घेते, सासूबाई असत्या तर रुसून उंबऱ्यावर बसून राहिल्या असत्या. चांगला दिवस असला की हे मिशीतल्या मिशीत हसून म्हणतात, "हजर गं." त्या "गं" वर माझा दिवस जातो. वाईट दिवस असला की "हजर, बाई." गेल्या दिवाळीपर्यंत दोन्ही निम्मे निम्मे होते. आता "गं" आठवड्यातून एखादाच ऐकू येतो, आणि ह्या आठवड्यात तोही आलेला नाही.

कापड दुकानवालीला मी हे सांगायला हवं होतं. स्वेटर विसरलात तर बोटीवर मिळतो. निघायच्या आधी घरात, दिवसाउजेडी, एकमेकांना नावानं हाक मारून बघा. लाज वाटेल, हसू येईल, सासू रागावेल. तरी मारा. जेव्हा समोरचा माणूस वळून बघतो आणि हाक मारणारं कोण आहे ते त्याला कळतं, तेव्हाच मारून घ्या. मी फार उशीर केला. मी हाक मारली तेव्हा हे वळले, पण माझ्याकडे वळले नाहीत.

आज सकाळी चहा झाला. मी ह्यांचं नाव घेतलं. "हजर, बाई," हे म्हणाले. ताठ बसले होते, हाताची घडी घालून.

काय सुचलं कुणास ठाऊक, मी पटावरचं पुढचं नाव घेतलं. माझं. लग्नानंतरचं पूर्ण नाव, मधे ह्यांचं नाव असलेलं.

ह्यांनी खोलीभर नजर फिरवली. दाराकडे बघितलं, स्वयंपाकघराकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा पडला असावा, कारण हे समजूत घातल्यासारखे पुढं झुकले.

"ती न्हाय आली आज, बाई," हे म्हणाले. "उद्या येईल की."